चांगली किक बसेल असा फुटबॉल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, चौकात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पंक्चर काढून देतो म्हणून पोट्टे फुटबॉलही घेऊन येऊ लागले. मग ते उसवून परत शिवणं आलं, आणि आता सवड मिळाली की आम्ही चार जण नवे बॉलही शिवतो. आसपासच्या गावांतून व्हॉट्सअॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न पाठवणाऱ्याच्याच बोलीत ठेवले. प्रश्नांना आकडे दिलेत, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगायला नको.

१. भाऊ, चांगला बॉल म्हणजे नेमका कोणता? जो सगळ्यात लांब जाते तो?

नाही. जो दहादा सारखाच मारला तर दहादा सारखाच जातो, तो चांगला. लांब तर ढेकूळही जाते. पायाला बॉलची सवय व्हायला हवी असेल तर त्याने आपला स्वभाव बदलता कामा नये. हा स्वभाव चार गोष्टींवर ठरतो: गोलाई, वजन, हवेचा दाब आणि बाहेरचं अंग, म्हणजे शिवणी धरून. नियमाप्रमाणे मोठ्यांच्या बॉलचा घेर ६८ ते ७० सेमी, सामना सुरू होताना वजन ४१० ते ४५० ग्रॅम आणि दाब ०.६ ते १.१ बारच्या आसपास असतो. या चौकटीतसुद्धा दोन बॉल एकमेकांपासून खूप वेगळे वागू शकतात. खालचे सगळे प्रश्न त्यातूनच आलेत.

२. कोणत्या वयाला कोणत्या नंबरचा बॉल घ्यावा? मुलींसाठी वेगळा असतो का?

साधारण आठ वर्षांखाली ३ नंबर, आठ ते बारा ४ नंबर, त्यानंतर ५ नंबर. मुलींसाठी वेगळा बॉल नियमात नाही. महिलांचा विश्वचषकही ५ नंबरच्याच बॉलने खेळतात.

शाळेत एकच ५ नंबरचा बॉल घेऊन पहिलीपासून सातवीपर्यंत सगळ्यांना त्यावर सोडायची पद्धत मला पटत नाही. लहान पोराला तो जड पडतो. मग ते पायाच्या पंजाऐवजी अंगठ्याने ठोकायला शिकतं, आणि ती खोड पुढे जाता जात नाही.

३. हवा किती भरायची? आमच्याकडे दाब मोजायचं गेज नाही.

बॉलवर व्हॉल्वजवळ आकडा छापलेला असतो, बारमध्ये किंवा पीएसआयमध्ये. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. गेज नसेल तर उसळीवरून ओळखा. दोन मीटर उंचीवरून, म्हणजे उंच माणसाने हात डोक्याच्या थोडा वर नेऊन, शाळेच्या व्हरांड्यातल्या फरशीवर बॉल नुसता सोडून द्या. फेकू नका. दर्जेदार सामन्याच्या बॉलची उसळी पोलादी पाट्यावर १३५ ते १५५ सेमी यावी, असा फिफाच्या चाचणीचा हिशेब आहे. भिंतीवर खडूने १२५ आणि १५५ वर दोन रेघा मारून ठेवा. उसळी त्यांच्या मध्ये आली की गावच्या खेळाला पुरे. मातीवर ही परीक्षा घेऊ नका, कारण माती उसळी खाते.

अंगठ्याने दाबून पाहायची रीत सगळ्यांची आहे, माझीही होती. पण सायकलची ट्यूब दाबून दाबून माझा अंगठा इतका निबर झालाय की मला प्रत्येक बॉल मऊच वाटतो.

पंपाची पिन कोरडी घुसवू नका. थेंबभर ग्लिसरीन लावा. खोबरेल, गोडंतेल, रॉकेल यांपैकी काहीही नको. तेलाने रबर फुगून सैल पडतं आणि मग व्हॉल्वमधून हवा सुसू करत राहते.

४. आमचे पोट्टे अनवाणी खेळते. किक मारली की पाय सुजते. बॉल कसा पायजे?

पाय आणि बॉल यांची गाठ एका सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाएवढीच असते. तेवढ्यात बॉल पायाशी चपटा होतो आणि परत फुलून सुटतो. हवा टच्च भरली असेल तर तो कमी दबतो, सगळा मार थोड्याच जागेवर बसतो आणि पायाच्या वरच्या हाडाला ठणका लागतो. म्हणून अनवाणी सरावाला दाब नियमाच्या खालच्या टोकाशी, ०.६ बारजवळ ठेवा. वेग थोडा कमी मिळेल, पण बॉल पायावर जास्त पसरत असल्याने दिशा चांगली सापडते.

दुसरं, वरच्या आवरणाखाली फोमचा थर असलेला बॉल घ्या. निव्वळ रबरी साच्यातला बॉल अनवाणी पायाला नको. तिसरं, काटे. त्यासाठी प्रश्न ११ पाहा, आणि बॉलच्या आधी पायाचा विचार करा.

अनवाणी खेळणं कमीपणाचं मानू नका, राजेहो. २९ जुलै १९११ ला कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा त्यांच्या संघात एक जण सोडून सगळे अनवाणी होते.

५. बॉलला शिवणी कायले पायजेत? एकदम गुळगुळीत असला तर हवेतून सर्रकन जाणार नाही का?

हा माझा आवडता प्रश्न. मलाही वाटायचं की शिवण म्हणजे नाइलाज, जोडायला दुसरा मार्ग नव्हता म्हणून. गोष्ट उलटी आहे.

बॉल हवेतून जाताना हवेचा एक पातळ थर त्याच्या अंगाला चिकटून मागे सरकतो. अंग अगदी गुळगुळीत असेल तर हा थर संथ वाहतो आणि अर्ध्या वाटेतच अंग सोडतो. मग बॉलच्या मागे भोवऱ्यांचं मोठं शेपूट तयार होतं आणि तेच त्याला मागे ओढतं. पावसाळ्यात नाल्यातल्या मोठ्या धोंड्याच्या मागे पाणी कसं गरगरतं ते आठवा. शिवणीमुळे हा थर खवळतो. खवळलेली हवा जास्त चिवट असते, ती बॉलला धरून पार मागपर्यंत जाते. शेपूट बारीक होतं आणि रोध एकदम निम्म्याहून खाली येतो. गोल्फच्या बॉलला खळगे असतात ते याचसाठी.

हा बदल एका ठरावीक वेगाला होतो. बत्तीस तुकड्यांच्या जुन्या घडणीच्या बॉलमध्ये तो ताशी ४५-५० किमीच्या आसपास होतो, म्हणजे जोरदार किकच्या बराच खाली. २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकातला जबुलानी आठ तुकड्यांचा होता, उष्णतेने जोडलेला, शिवणी उथळ आणि एकूण लांबी जेमतेम दोन मीटर. त्यात हा बदल ताशी ८० किमीच्या आसपास जाऊन बसला, म्हणजे नेमका फ्री किकच्या वेगात. बॉल हवेत असतानाच कधी या बाजूने थर सुटे, कधी त्या बाजूने. न फिरवता मारलेला बॉल दारू प्यायल्यासारखा लटपटे. गोलकीपर वैतागले, मारणारेही वैतागले.

म्हणून नवा बॉल घेताना ‘शिवण दिसत नाही, किती सफाईदार’ म्हणून हुरळू नका. आणि शिवणीतला चिखल काढून टाका. खाचा भरल्या की तुमचा बॉलही थोडा जबुलानी होतो.

६. मग बत्तीसच तुकडे का? कमी तुकड्यांचा बॉल वाईटच का?

बत्तीस तुकडे म्हणजे १२ पंचकोन आणि २० षट्कोन. सपाट तुकड्यांपासून गोलाच्या बरंच जवळ नेणारी ही मांडणी आहे, आणि उरलेली कसर हवा भरून काढते. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकातला टेलस्टार असाच होता. पंचकोन काळे, षट्कोन पांढरे, म्हणजे कृष्णधवल टीव्हीवर बॉल नीट दिसावा. आजही फुटबॉलचं चित्र काढ म्हटलं की पोरं तोच काढतात, जरी त्यांनी तसा बॉल कधी पाहिलेला नसला तरी.

पण आकडा बत्तीस की सहा, हा खरा प्रश्न नाही. खरा प्रश्न शिवणी किती लांब आणि किती खोल, हा. २०१४ चा ब्राझुका फक्त सहा तुकड्यांचा होता, पण तुकडे पाकळ्यांसारखे वळणदार असल्याने शिवण सव्वातीन मीटरच्या घरात गेली आणि खोलही ठेवली. तो सरळ उडाला. २०२२ च्या अल रिहलाला वीस तुकडे होते, २०२६ च्या ट्रिओंडाला चारच. दुकानदार ‘तुकडे कमी म्हणजे बॉल भारी’ म्हणत असेल तर हे त्याला सांगा.

७. टीव्हीवर बॉल केळीसारखा वळतो. आमचा कितीही कापून मारला तरी सरळच जातो.

फिरणारा बॉल एका बाजूची हवा सोबत ओढतो आणि दुसऱ्या बाजूची अडवतो. त्यामुळे मागचं शेपूट एका कुशीला वळतं आणि बॉल त्याच्या उलट कुशीला ढकलला जातो. जर्मन शास्त्रज्ञ मॅग्नस याने १८५२ मध्ये यावर काम केलं, म्हणून या वळणाला त्याचं नाव पडलं. १९९७ मध्ये रॉबर्टो कार्लोसने फ्रान्सविरुद्ध ३५ मीटरवरून मारलेली फ्री किक हेच उदाहरण.

तुमचा वळत नाही याची कारणं बहुधा दोन. एक, बॉलचं अंग घासून काचेसारखं झालंय, त्यामुळे पाय पकड न घेता घसरतो. ओल्या बॉलचंही तेच. दुसरं, तुम्ही वीस पावलांवरून मारून पाहताय. वळण दिसायला अंतर लागतं, बॉल पुढे जाता जाता ते वाढत जातं. आधी लांबून मारून पाहा, मग बॉलला नावं ठेवा.

८. जत्रेतला प्लास्टिकचा बॉल पायातून भन्नाट सुटते, पण भल्ला मधातच थांबते. असं का?

कारण त्याला वजन नाही. ५ नंबरच्या बॉलला ताशी ९० किमी वेगाला हवेचा रोध त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दोन तृतीयांश इतका भरतो. तेवढ्याच आकाराचा प्लास्टिकचा बॉल शंभर ग्रॅमचा असेल तर तोच रोध त्याच्या वजनाच्या तिप्पट होतो. हलका बॉल लवकर वेग घेतो आणि त्याहून लवकर गमावतो. जरा वारा असला की दिशाही जाते.

तरी काहीच नसेल तर त्याच्यावरच खेळा. नागपुरात २००१ मध्ये प्रा. विजय बारसे यांनी पोरांना पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिलं आणि त्यातून स्लम सॉकर ही झोपडपट्टीतल्या पोरांसाठीची फुटबॉल संस्था उभी राहिली.

९. आमचं मैदान मुरमाचं आहे. कोणत्या आवरणाचा बॉल टिकेल?

मुरूम म्हणजे बॉलला कानस. तिथे पीव्हीसी टिकतो. तो जरा कडक असतो आणि थंडीत अजून कडक होतो. पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, आवरण मऊ, पायाला गोड, वळणही चांगलं घेतं, पण मुरमावर त्याची साल निघायला वेळ लागत नाही. रबरी साच्यातला बॉल सगळ्यात दणकट आणि सगळ्यात उड्या मारणारा, त्यावर ताबा शिकणं अवघड. पैसे दोन बॉलांचे जमत असतील तर रोजच्याला पीव्हीसी, सामन्याला पीयू. एकाचेच असतील तर पीव्हीसी, आणि सामन्याआधी चार दिवस प्रतिस्पर्ध्याचा बॉल उसना आणून पाय बसवा.

काळ्या मातीचं मैदान उन्हाळ्यात भेगाळतं. बॉल कडेवर आपटून भलतीकडे उसळतो. त्याला बॉल काही करू शकत नाही.

१०. ब्लॅडर लॅटेक्सचं चांगलं की ब्यूटाइलचं?

ब्लॅडर म्हणजे बॉलच्या आतला हवेचा रबरी फुगा. लॅटेक्सचं मऊ आणि उसळीला जिवंत, पण त्यातून हवा रोज थोडी थोडी झिरपते. दर सामन्याला पंप लागतो. ब्यूटाइल हवा आठवडेच्या आठवडे धरतं. ज्या गावात पंप एक आणि तोही माझ्या दुकानात, तिथे ब्यूटाइलच घ्या.

११. बाभळीचा काटा घुसला. बॉल फेकून देऊ का?

फेकू नका. शिवलेला बॉल असेल तर पंक्चर निघतं. काटा ओढण्याआधी त्या जागी पेनाने खूण करा. व्हॉल्वशेजारच्या तुकड्याच्या दोन-तीन बाजू उसवा, दोरा कापत बसू नका, गाठ शोधून सोडवा. ब्लॅडर बाहेर घ्या, पाण्यात बुडवून बुडबुडे पाहा. ब्यूटाइलला सायकलचंच ठिगळ आणि सोल्यूशन चालतं: कानसून घ्या, सोल्यूशन सुकू द्या, मग ठिगळ दाबा. परत शिवताना जुन्याच भोकांतून जा. नवी भोकं पाडलीत तर आवरण तिथून फाटेल.

उष्णतेने जोडलेला किंवा साच्यातला बॉल उसवता येत नाही. आमच्याकडे सराटे आणि बाभळी इतक्या आहेत की निव्वळ या कारणासाठी मी हाताने शिवलेला बॉल घ्या म्हणतो.

१२. मे महिन्यात बॉल उन्हात ठेवला तर फुटते का?

चांगला बॉल सहसा फुटत नाही, पण बिघडतो. हिशेब सांगतो. २० अंशाला ०.८ बार भरलेला बॉल उन्हात तापून ६० अंशाला गेला तर आतला दाब १.०५ बारच्या आसपास जातो. म्हणजे सकाळी मऊ असलेला बॉल दुपारी दगड, आणि प्रश्न ४ मधला ठणका परत सुरू. सारखं असं तापलं की शिवणी ताणतात आणि एखादा तुकडा पोट काढतो. नवतपात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४६-४७ ला टेकतो, तेव्हा टिनाच्या खोलीत बॉल कोंडून ठेवणंही उन्हात ठेवण्यासारखंच. माठाशेजारी सावलीत ठेवा. हवा खेळायच्या वेळेला तपासा, सकाळी भरून विसरू नका.

उलट, जानेवारीच्या पहाटे १० अंशाला तोच बॉल ०.७४ वर उतरतो. मऊ लागला म्हणून पंक्चर समजून माझ्याकडे आणणारे दरवर्षी दोघे-तिघे असतातच.

१३. झडीत बॉल जड होतो. पॉलिश लावू का?

पाणी आवरणातून कमी आणि शिवणीतून जास्त शिरतं, आतलं कापड ते पितं. फिफाच्या वरच्या दर्जाच्या बॉलला भिजल्यावर वजन सरासरी १० टक्क्यांहून जास्त वाढलेलं चालत नाही. स्वस्त मशीनशिवणीचा बॉल याच्या बराच पुढे जातो. बुटाचं पॉलिश पृष्ठभागाला निसरडं करतं, ते नको. शिवणीवर मेण चोळा, तेवढं पुरतं. खेळून झाल्यावर धुवा, थोडी हवा काढा आणि सावलीत वाळवा. चुलीजवळ वाळवलेल्या बॉलचा गोंद सुटतो, आवरण वेगळं आणि कापड वेगळं होतं, आणि मग त्यावर इलाज नाही.

१४. दुकानात उभ्या उभ्या बॉल गोल आहे का कसं ओळखायचं?

शिवणयंत्रवाल्याची टेप घेऊन जा. तीन-चार दिशांनी घेर मोजा. एक सेमीपेक्षा जास्त फरक आला तर परत ठेवा. मग बॉल बोटांच्या टोकावर जागच्या जागी फिरवा, लंबुळका असेल तर कडा लटपटताना दिसते.

तोल पाहायला मात्र पाणी लागतं. ढोरांच्या हौदात बॉल सोडा. जड बाजू हळूहळू खाली जाते, बहुतेक वेळा ती व्हॉल्वचीच असते. सावकाश वळला तर ठीक. झटक्यात त्याच जागी येत असेल तर तो हवेतही डुलणार. चांगल्या बॉलला व्हॉल्वच्या समोरच्या बाजूला आतून तेवढंच वजन चिकटवलेलं असतं.

एकदा मी शाळेसाठी सहा बॉल एकदम आणले, शहरातल्या दुकानातून, न मोजता. महिन्याभरात चार अंड्यासारखे झाले. पावती असूनही परत घेतले नाहीत. तेव्हापासून खिशात टेप असते.

१५. तुम्ही घरी शिवता म्हणता. मापं द्या ना.

देतो. ६९ सेमी घेराच्या, बत्तीस तुकड्यांच्या बॉलला तुकड्याची प्रत्येक बाजू ४.५ सेमीच्या जवळ येते. एकूण शिवणी नव्वद, म्हणजे चार मीटर शिवण. हवेने आवरण ताणतं म्हणून आम्ही बाजू ४.४ धरतो आणि शिवणीसाठी चहूकडून ५ मिमी सोडतो. पत्र्याचे दोन साचे कापून घ्या, एक पंचकोनाचा, एक षट्कोनाचा. कागदाचा साचा दहाव्या तुकड्याला बदललेला असतो.

आवरणाच्या मागे सुती-पॉलिस्टर कापडाचे तीन थर रबरी गोंदाने चिकटवा. यातली मेख अशी की प्रत्येक थराचा उभा धागा वेगळ्या दिशेला ठेवा. सगळे एकाच दिशेला ठेवलेत तर बॉल एकाच दिशेला ताणून लंबुळका होतो. आमचे पहिले दोन असेच गेले. मेण लावलेला पॉलिस्टर दोरा, दोन्ही टोकांना सुया, उलट्या बाजूने शिवत जायचं. शेवटचे तुकडे राहिले की उलटा करायचा, ब्लॅडर बसवून व्हॉल्व भोकात चिकटवायचा आणि उरलेली शिवण बाहेरून आत गाठ लपवत बंद करायची. ही शेवटची शिवण कोणालाच पहिल्यांदा जमत नाही. गावातल्या मोचीकाकांनी मला ती शिकवली.

तयार बॉल वजनकाट्यावर ठेवा. ४५० च्या वर गेला तर पुढच्या वेळी गोंद कमी.

शिवायला मोठी माणसंच बसवा. नव्वदच्या दशकात सियालकोट आणि जालंधरमध्ये शाळेच्या वयाची पोरं फुटबॉल शिवत होती म्हणून जगभर ओरड झाली होती. बॉल पोरांनी खेळायचा असतो.

१६. परतवाड्याहून चिखलदऱ्याला सामन्याला गेलो. तिथे आमच्या प्रत्येक लांब पासचा बॉल पुढे पळत होता. हवा वाढली होती का?

थोडी, पण ते कारण नसावं. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास उंच आहे. वर बाहेरची हवा विरळ, त्यामुळे बॉल सुमारे ०.०७ बारने ताठ होतो. पण तिथे आठ-दहा अंश थंडावाही असतो, तो ०.०५ बार परत खाली आणतो. म्हणजे पाय ओळखेल इतका फरक उरत नाही. खरा फरक बाहेरच्या हवेचा: ती चार-पाच टक्के विरळ, रोध तेवढा कमी, म्हणून बॉल जास्त सरकतो आणि वळतो कमी. तासभर आधी पोचून लांब पास मारून पाहा. बॉलची हवा काढू नका.

१७. फुगेवाल्याकडून गॅस भरला तर बॉल हलका होऊन लांब जाईल का? (हा प्रश्न वर्षातून एकदा येतोच.)

पूर्ण भरलेल्या ५ नंबरच्या बॉलमधल्या सगळ्या हवेचं वजन जेमतेम १२ ग्रॅम. हलक्यातला हलका गॅस भरला तरी वाचतील दहा-अकरा ग्रॅम, आणि हलक्या बॉलचं काय होतं ते प्रश्न ८ मध्ये आहेच. असा गॅस ब्लॅडरमधून हवेपेक्षा लवकर निसटतो. शिवाय जत्रेतला गॅस बरेचदा हायड्रोजन असतो, तो पेटतो. माझ्या दुकानात वेल्डिंग चालतं, तेव्हा असा बॉल घेऊन येणार असाल तर आधी फोन करा, मी शटर पाडतो.